कुणाचं नाटक करायचं?

(जयनगर, बंगळुरू इथे वार्षिक स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या नाट्यसंध्येला तीन-चार छोटी नाटकं करायची, असं इथल्या हौशी मंडळींनी ठरवलं आहे. ज्यांच्या समाजाला आपल्या रंगमंचावर फारसं बोलू दिलं गेलं नाही, अशा लेखकांची ती असावीत. आणि माणसाच्या हातून काय गेलं, ते गेल्यावर तो पुन्हा कसा उभा राहिला, हा त्यांचा विषय असावा. ‘कोणती नाटकं घ्यावीत ते सांगा’ असा निरोप मला आला. नावं मी सांगणार आहेच. पण त्याआधी, नाटक जिथे निवडलं जातं त्या बैठकीबद्दल मला बोलायचं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्यांनी आयुष्यभर नवख्या लेखकांच्या संहिता वाचल्या, त्यामुळे या व्यासपीठावर तो विषय अस्थानी ठरणार नाही.

प्रेक्षकाला ही बैठक कधी दिसत नाही. कुणाच्या तरी घरी पाच-सहा जण बसतात, चहा होतो, एक जण संहिता वाचतो, आणि तासाभरात एखादं नाटक तालमीला लागतं किंवा कपाटात जातं. मी अशा बैठकांना बरीच वर्षं बसते आहे. तिथली वाक्यं आता मला पाठ झाली आहेत. ‘विषय चांगला आहे हो, पण प्रेक्षक यायला हवेत ना.’ ‘फार अंगावर येतं.’ ‘गणपतीत हे नको, मुलंबाळं असतात.’ ‘आपल्यात ही भाषा बोलणारं कुणी नाही.’ बोलणारी माणसं चांगली असतात, कुणाच्या मनात दुष्टावा नसतो. तरीही याच वाक्यांनी मराठी रंगभूमीची एक अख्खी बाजू रिकामी ठेवली, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा पहिला दाखला फार जुना आहे.

मराठी नाटकाचा इतिहास आपण सांगलीपासून मोजतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं. आदल्या वर्षी कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. ते पाहून पटवर्धन सरकारांनी भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. कर्की उत्तर कन्नड जिल्ह्यातलं. म्हणजे मराठी नाटकानं पहिला धडा कन्नड मुलखाकडून घेतला, आणि बंगळुरूच्या मराठी माणसाला याचा अभिमान वाटला पाहिजे.

त्यानंतर बारा वर्षांनी, 1855 मध्ये, पुण्यात अठ्ठावीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचं नाटक लिहिलं. पेशवाईत श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजांनी पुढे त्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्यासाठी वळवला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली. जोतीरावांनी आपलं नाटक त्या कमिटीकडे दिलं. ते नाकारलं गेलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनीच पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवलं आहे. नाटक बासनात गेलं. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 मध्ये आलं, देवलांचं ‘शारदा’ 1899 मध्ये, गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 मध्ये. ज्याला आपण मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणतो त्या सगळ्या काळात ‘तृतीय रत्न’ कुणी वाचलं नाही. ते पहिल्यांदा छापलं गेलं 1979 मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. एकशे चोवीस वर्षांनी.

आता एवढं मनात आणा, की त्या दिवशी कमिटीनं होकार दिला असता. मग मराठीतलं सामाजिक नाटक एका कुणब्याच्या घरातून, त्याच्या गरोदर बायकोच्या भीतीतून सुरू झालं असतं. आपल्या नाट्यशिक्षणात, आपल्या समीक्षेत, आपल्या कानांत कुणब्याची बोली पहिल्या दिवसापासून असती. ‘आपल्यात ही भाषा बोलणारं कुणी नाही’ हे वाक्यच बैठकीत उच्चारलं गेलं नसतं.

नाटकात घडतं काय? नवरा घरी नाही. दारात जोशी येतो, बाई पोटुशी आहे हे पाहतो, आणि पोटातल्या बाळावर ग्रहाची पीडा आहे असं सांगून तिला घाबरवतो. भीती घरात शिरते. नवरा येतो, तोही त्या भीतीत ओढला जातो. अनुष्ठान ठरतं, ब्राह्मणभोजन ठरतं, आणि ज्या घरात दोन वेळचं जेमतेम भागतं तिथलं धान्य आणि पैसा हळूहळू बाहेर जायला लागतो. मग जोश्याच्या घरचा प्रवेश येतो, तिथे या मिळकतीचा हिशेब चाललेला असतो. पुढे एक पाद्री नवरा-बायकोशी बोलतो, आणि सबंध नाटकभर एक विदूषक मधे मधे तोंड घालून जे कुणी बोलत नाही ते बोलत राहतो. शेवटी नवरा-बायको ठरवतात, की जोतीराव आणि सावित्रीबाईंनी प्रौढांसाठी काढलेल्या रात्रीच्या शाळेत आपणही जायचं.

या शेवटापाशी थांबून जरा बारकाईनं पाहू या. गेलेले पैसे परत मिळालेले नाहीत. जोश्याला शिक्षा झालेली नाही. दिवसभर शेतात राबलेला माणूस आणि त्याची बायको रात्री पाटी घेऊन बसणार आहेत, इतकंच. निर्णय त्या दोघांचा आहे, आणि त्यात बायको बरोबरीनं सामील आहे. पाद्र्याचं बोलणं आज आपल्याला लांबलचक वाटेल, थोडं प्रचारकीही वाटेल. प्रयोग करताना ते कापावं लागेल, आणि ते कापायला मी कचरणार नाही. पण शेवटाला हात लावू नये.

यातूनच मला संहिता वाचायची एक सवय लागली. हातात पेन्सिल ठेवायची आणि दोन गोष्टींवर खुणा करत जायचं. एक, ज्याचं काही गेलंय तो माणूस प्रश्न विचारतो का, की फक्त उत्तरं देतो? दोन, नाटकात त्याचा स्वतःचा एक तरी निर्णय आहे का, मग तो चुकलेला का असेना? रडण्यावर मी खूण करत नाही. रडणं लिहायला सोपं असतं, करायला त्याहून सोपं, आणि प्रेक्षक त्याला हमखास दाद देतात. पानंच्या पानं आक्रोश आहे, आणि त्या पानांवर पेन्सिलीची एकही खूण नाही, अशा किती तरी संहिता मी पाहिल्या आहेत. त्या पाहून आपण हळहळतो आणि घरी जातो. हळहळण्याची सोय करून देणारं नाटक आपल्या संध्येला नको.

इथे एक वाद उकरायलाच हवा. उपेक्षितांबद्दल लिहिलेलं नाटक आणि उपेक्षितांनी लिहिलेलं नाटक यांत फरक करायचा की नाही? रत्नाकर मतकरींचं ‘लोककथा ’78’ गावातल्या दलितांवरच्या अत्याचाराबद्दल आहे आणि ते ताकदीचं नाटक आहे. तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ 1983 मधलं. दलित तरुण आणि समाजवादी ब्राह्मण घरातली मुलगी यांच्या लग्नाची ती गोष्ट. तेंडुलकरांच्या लेखणीबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यातला दलित कवी पाहून अनेक दलित लेखक आणि वाचक दुखावले, संतापले, आणि त्यांच्या संतापाला कारण होतं. त्या नाटकात आपण त्या तरुणाकडे मुलीच्या बापाच्या घरातून पाहतो. तो घरी गेल्यावर कसा असतो, आपल्या माणसांत काय बोलतो, हे आपल्याला दिसत नाही. बाहेरच्या लेखकानं लिहूच नये असं मी कधी म्हणणार नाही. मात्र आपल्या संध्येत जागा तीन-चारच आहेत, आणि एकशे चोवीस वर्षांची थकबाकी आहे. तेव्हा पहिला मान आतून लिहिणाऱ्यांना.

आतून लिहिणाऱ्यांची परंपरा कमी नाही. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, नाशिककडचे भीमराव कर्डक, मग अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखांचं लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊंची ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्यं कामगार वस्त्यांत, चौकात, मोर्चात झाली. हे सगळं नाट्यगृहाच्या बाहेर वाढलं म्हणून नाटकाच्या इतिहासात त्याला मोजकीच पानं मिळाली. या परंपरेतला एक गुण आपल्या निवडीसाठी फार मोलाचा आहे, तो म्हणजे हसू. सावकाराच्या दारात सगळं गमावून आलेला शेतकरी अण्णा भाऊंच्या वगात सावकाराचीच फिरकी घेतो आणि समोर बसलेले कामगार खदखदून हसतात. ‘दुःखाची नाटकं आहेत, तेव्हा वातावरण गंभीर ठेवू या’ असं बैठकीत कुणी म्हणालं तर त्याला अण्णा भाऊ वाचायला द्या. हसता येणं ही उभं राहण्याची पहिली खूण असते, आणि ज्यांनी सोसलंय त्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता ज्या एकांकिकेचं नाव मी पहिलं घेईन ती प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धातली. गज्वी चंद्रपूर जिल्ह्यातले, पुढे ‘तनमाजोरी’, ‘किरवंत’, ‘गांधी-आंबेडकर’ अशी नाटकं लिहिणारे, 2019 मध्ये नागपूरला झालेल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष. ‘घोटभर पाणी’त दोन नट आहेत आणि जवळजवळ मोकळा रंगमंच. नेपथ्य नाही, प्रकाशाची कसरत नाही. तेच दोघं एकामागून एक भूमिका बदलत जातात आणि एका घोटाच्या मागे किती माणसं, किती नियम, किती शतकं उभी आहेत ते उलगडत जातं. महाडच्या तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो सोबती पाणी प्यायले, ती गोष्ट आपण शाळेत चार ओळींत शिकतो. ही एकांकिका त्या चार ओळींतली तहान नटाच्या घशात आणून ठेवते. तिचे प्रयोग महाराष्ट्रभर झाले, अनेक भाषांत झाले. ते होण्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. दोन माणसं आणि एक मोकळी जागा मिळाली की ती कुठेही उभी राहते: शाळेच्या पटांगणात, बुद्धविहारात, इमारतीच्या गच्चीवर. ज्यांच्याकडे नाट्यगृहाचं भाडं नव्हतं त्यांनी नाटक कसं लिहावं याचा तो वस्तुपाठ आहे.

इथे मला आपल्या स्पर्धांबद्दल थोडं बोललं पाहिजे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक 1963 पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा घेतात, मुंबईत आयएनटीची स्पर्धा आहे, ‘सवाई’ आहे. या स्पर्धांनी मराठीला नट दिले, दिग्दर्शक दिले. त्यांच्यावाचून एकांकिका हा प्रकार जगलाच नसता. परीक्षकांचं वजन तिथे किती असतं तेही आपण पाहिलं आहे. 2022 मध्ये एकही एकांकिका पात्र नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला गेला नाही. पण स्पर्धेनं एकांकिकेला एक ठराविक घाटही दिला. ठरलेल्या वेळेत बसायचं, मध्यावर ताण चढवायचा आणि शेवटी धक्का द्यायचा. या घाटात वस्तीतली गोष्ट बसवायला गेलं की नेमकं काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. धक्क्यासाठी कुणीतरी मरतं, बहुधा बाई. दिवे जातात, पार्श्वसंगीत चढतं, टाळ्या पडतात. नवरा गेल्यानंतर त्या बाईनं सोमवारी रेशनच्या रांगेत उभं राहायचं असतं, मंगळवारी मुलाच्या फीची मुदत असते, हे नाटक पडदा पडल्यावर सुरू होतं आणि आपण ते पाहतच नाही. आपल्याला तेच पाहायचं आहे. म्हणून निवड करताना धक्क्यावर संपणारी संहिता मी बाजूला ठेवेन, ती कितीही बक्षिसं घेऊन आलेली असो.

नवरा गेल्यानंतरच्या सोमवारापासून सुरू होणारं एक नाटक आपल्याकडे आहे. ‘तेरवं’. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं, वर्ध्याकडून आलेलं. विदर्भातल्या कापूसपट्ट्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका त्यात स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात. तेराव्यापर्यंत घरात माणसांची गर्दी असते. चौदाव्या दिवशी ओसरी रिकामी होते आणि मागे उरतं कर्ज, शेत, सासरची माणसं, पोरं, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली ती. सरकारी मदत एक लाखाची. पण आधी जिल्ह्याची समिती बसते आणि मेलेला माणूस ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज कुठल्या बँकेचं होतं, वसुलीचा तगादा होता का. परवाना नसलेल्या सावकाराकडून हातउसने घेतले असतील, जमीन भावाच्या नावावर असेल, तर ते मरण त्या कागदावर मोजलं जात नाही. म्हणजे निवड समिती या बायकांच्या आयुष्यात आधीच येऊन गेलेली असते. आपण दुसरी समिती होऊन त्यांच्यापुढे बसणार आहोत, एवढं भान संहिता वाचताना असू द्या.

‘तेरवं’मधल्या वैशाली येडे यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटक लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि मग उद्घाटनाला वैशालीताई उभ्या राहिल्या. त्या व्यासपीठावर लाचार वाटल्या नाहीत, कारण व्यासपीठावर उभं राहून प्रश्न विचारायची सवय त्यांना नाटकानं लावली होती. कुणी म्हणेल, लेखक तर पेठकर आहेत, मग हे ‘आतून’ कसं? रास्त शंका आहे. माझं उत्तर असं की लेखणी एकाची असली तरी उच्चारणारी देहानिशी तीच आहे, आणि तिला खोटं वाटणारं वाक्य ती तोंडातून काढणार नाही. मात्र याचा एक परिणाम आपण मान्य केला पाहिजे. हे नाटक आपण बसवू नये. आयटी कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मुलीबाळींनी कपाळ मोकळं करून त्या बायकांची नक्कल करणं मला मान्य नाही. ‘तेरवं’ पाहायचं असेल तर त्या बायकांना बंगळुरूला बोलवा. वर्ध्याहून येण्याजाण्याचा खर्च, राहण्याची सोय, शेतीच्या कामाचा आणि मजुरीचा जो खाडा होईल त्याची भरपाई, हे सगळं आधी जमवा आणि मग तारीख विचारा. पेरणी-वेचणीचे दिवस सोडून विचारा.

आणि आता जयनगर. 1948 मध्ये आखलेली ही वसाहत, ब्लॉक मोजून, झाडं लावून, रुंद रस्ते सोडून वसवलेली. नॅशनल कॉलेजच्या आवारात एच. नरसिंहय्यांच्या नावाचं कलाक्षेत्र आहे. पलीकडे जे. पी. नगरात रंगशंकरा आहे. 2004 मध्ये अभिनेत्री अरुंधती नाग यांनी पती शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते उभं केलं. मुंबईच्या रंगभूमीवर वाढलेली बाई, इथे येऊन कन्नड नाटकाचं घर बांधणारी. तिथे प्रयोग वेळेवर सुरू होतो आणि उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. ही शिस्त आपणही उचलावी. पण इथे राहून आपण मराठी मंडळी बहुतेक वेळा मुंबई-पुण्याहून आलेलं नाटक पाहतो आणि दारातलं कन्नड नाटक पाहत नाही. आपल्या विषयावरचं अलीकडचं फार मोठं काम याच शहरात झालेलं आहे.

लक्ष्मण के. पी. आणि जंगम कलेक्टिव्ह यांचं ‘दक्लकथा देवीकाव्य’ घ्या. के. बी. सिद्धय्या या दलित कवीच्या लेखनावर ते बेतलेलं आहे. दक्कल म्हणजे अस्पृश्यांनीही ज्यांना अस्पृश्य ठरवलं असे लोक. त्या नाटकात ‘तमटे’ आणि ‘अरे’ ही चर्मवाद्यं थेट रंगमंचावर वाजतात. गावकुसाबाहेर वाजणारं, मयताला आणि जत्रेला बोलावलं जाणारं वाद्य तिथे नाटकाच्या मध्यभागी येतं, आणि वाजवणारा कोपऱ्यात बसत नाही. ते बघताना कन्नड शब्द सगळे कळले नाहीत तरी चालतं, कानाला कळतं. आपल्याकडे हलगी आहे, डफ आहे, संबळ आहे. किती मराठी नाटकांत हलगीवाल्याला संवाद दिले आहेत? एखाद्या तरुण लेखकानं हे मनावर घ्यावं.

दु. सरस्वती याच शहरातल्या. कवयित्री, कार्यकर्त्या, पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार बायकांबरोबर काम केलेल्या. ‘सण्ण तिम्मी रामायण’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग. एक साधी कष्टकरी बाई आपल्या बोलीत, आपल्या अनुभवानं रामायण सांगते, सीतेची बाजू समजून घेते, आणि सभागृहात हशा पिकतो. पहाटे जयनगरचे हे रुंद रस्ते झाडणाऱ्या बायका आपल्याला रोज दिसतात. त्यांच्या बोलीत, त्यांच्या विनोदात रामायण कसं ऐकू येतं ते एकदा ऐका. ए. रेवती यांच्या आत्मकथनावरून कन्नडमध्ये ‘बदुकु बयलु’ हे नाटक झालं. घर सुटणं, नाव सुटणं, देहाशीच भांडण, आणि त्यानंतर स्वतःचं घर, स्वतःची माणसं जोडणं. तृतीयपंथी व्यक्तीचं हे आयुष्य शंभर माणसांसमोर मोकळेपणानं सांगितलं जातं. मराठीत याच्या जवळचा विषय एका आईच्या बाजूनं आला आहे, चेतन दातार यांच्या ‘एक, माधवबाग’मध्ये, आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आई तिथे एकटी बोलते. एक नटी, एक खुर्ची, तासाभराचा ऐवज. आपल्या प्रेक्षकांत अशा आया असतील, आणि त्या इथे शेजारीच बसलेल्या असतील. आपल्या संध्येत मी ते आवर्जून घेईन.

तेव्हा मला विचाराल तर संध्या अशी असावी. सुरुवात ‘तृतीय रत्न’च्या संक्षिप्त प्रयोगानं.  अडचण असेल तर ती आपल्या आळसाची. मग ‘घोटभर पाणी’, मग ‘एक, माधवबाग’, आणि शेवटी एक कन्नड एकपात्री, कन्नडमध्येच, भाषांतर न करता. आधी दोन मिनिटं मराठीत गोष्ट सांगा, तेवढं पुरेल. आपल्या इमारतीतले कन्नड शेजारी, घरकामाला येणाऱ्या बायका, रखवालदार यांनाही तिकीट न लावता बोलवा, आणि पुढच्या रांगांत बसवा. पुढच्या रांगा राखीव ठेवायच्याच असतील तर त्यांच्यासाठी ठेवा.

काही गोष्टी रोखठोक सांगते. ‘घोटभर पाणी’साठी लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि मानधन प्रयोगाच्या आधी पाठवा. ‘समाजकार्य आहे, मानधन कसलं?’ हे वाक्य मी दलित लेखकांच्या बाबतीत जितकं ऐकलं आहे तितकं इतर कुणाच्या बाबतीत ऐकलेलं नाही. अण्णा भाऊंचं काही करायचं ठरलं तर तेही विचारूनच. ते 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत. बोलीचं काय, हा प्रश्न येईल. वऱ्हाडी किंवा मराठवाडी जमत नसेल तर ती सोंगासारखी ओढूनताणून बोलू नका. ज्याला जी मराठी जिभेवर आहे ती त्यानं बोलावी. बंगळुरूच्या भावसार आणि नामदेव शिंपी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी, कन्नडचा हेल घेतलेली मराठी रंगमंचावर आली तर मला फार आवडेल. संवादांतले शिव्याशाप ‘बरं दिसत नाही’ म्हणून कापू नका. जे बरं दिसत नाही ते तसंच दिसायला हवं.

आणि या संध्येला ‘विशेष’ म्हणू नका. डिसेंबरच्या एखाद्या आडवारी, रिकाम्या सभागृहात, ‘उपेक्षितांची नाटकं’ असा फलक लावून केलेला कार्यक्रम म्हणजे कपाटात टाकलेल्या संहितेचंच दुसरं रूप. गणेशोत्सवातल्या शनिवारी, ज्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं येतात, त्या दिवशी ही नाटकं करा. जाहिरातीत नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, वेळ. एवढंच.

शेवटी निवड समितीबद्दल. आज या सभागृहात वेगवेगळ्या जातींची, पेशांची, वयांची माणसं बसली आहेत. पण वाचनाच्या बैठकीला दरवर्षी तेच पाच-सहा जण असतात, आणि त्या पाच-सहांत मीही असते. ‘तृतीय रत्न’ नाकारणारी माणसंही त्यांच्या काळी सुशिक्षित आणि सज्जनच गणली जात होती. यंदाच्या समितीत निम्म्या जागा अशांना द्या ज्यांनी आजवर एकही संहिता निवडलेली नाही: एखादा विद्यार्थी, एखादी नर्स, दुकानात काम करणारं कुणी, ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलंय असं कुणी. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे काम करणाऱ्यांना येता येईल. मी माझी जागा आजच सोडते आहे. बाहेर टेबलावर वही ठेवलेली आहे. ज्यांना वाचायला यायचं आहे त्यांनी जाण्यापूर्वी तिच्यात नाव लिहावं, आणि ज्यांच्या घरी, ओळखीत, शेजारी कुणी नाटक लिहून ठेवलेलं आहे त्यांनी ती संहिता घेऊन यावं.